जहाजाचं तोंड कुणीकडे

गेल्या हिवाळ्यात अलिबागकडे एका बारशाला जायचं होतं. वडखळच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच बरी, म्हणून सकाळी निघालो. सोबत नऊ वर्षांची भाची. धक्क्यावर नेहमीचंच सगळं. पायाखाली बर्फाचा चुरा कचकचतोय, डिझेलचा धूर आणि मासळीचा वास एकमेकांत असे कालवलेले की कुठला कुठे संपतो ते नाकाला कळू नये. लाँचमध्ये कठड्यालगतचं बाकडं मिळालं. भरती चढत होती, पाणी गढूळ आणि फुगलेलं. धक्का मागे पडला, गोदीच्या क्रेन बारीक व्हायला लागल्या, आणि दूर उरणच्या डोंगरांच्या अंगाला एक लांबलचक मालवाहू जहाज दिसलं. वर काळं, खाली गंजट तांबडं.

"मावशी, ते जहाज कुठं चाललंय?"

"बाहेर," मी म्हटलं. "भर समुद्रात. बघ, तोंड तिकडं आहे ना त्याचं." एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मावशीपणाची हौस. "दुबईला वगैरे जात असेल."

मागे दोरखंडाचं वेटोळं करत बसलेला खलाशी मान वर न करता म्हणाला, "नांगरावर हाय त्ये. तीन दीस झालं, जागचं हाललं नाय."

भाचीने त्याच्याकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आपल्याला दिलेल्या पाच रुपयांच्या नाण्याकडे दुकानदार उलटसुलट करून बघतो तसं. पुढचा अर्धा तास तिने मला काहीही विचारलं नाही. तिला काय विचारायचं ते ती त्या खलाश्याला विचारत होती.

तसं काहीच घडलं नव्हतं. पण बारशात घुगऱ्या वाटतानासुद्धा ते जहाज माझ्या डोळ्यांपुढून हलेना. (हलेना हे त्याच्या बाबतीत खरंच होतं म्हणा.) चूक झाली याचं दुःख नव्हतं, ती किती खात्रीने केली याचं होतं. मी त्याला चालताना पाहिलं होतं. आमची लाँच चालत होती, त्यामुळे मागचे डोंगर सरकत होते, त्यामुळे जहाज सरकत होतं, आणि डोक्याने एवढ्यावर त्याला दिशा दिली, वेग दिला, वर दुबईचा मुक्कामही ठरवून दिला. हे सगळं एका नजरेत. मग मला वाटलं, बरं झालं, मी फक्त मावशी आहे. माझ्या जागी कुणी पाणबुडीचा कप्तान असता तर?

हे पाणबुडीचं काही उगाच डोक्यात आलं नाही. त्यामागे आमचे मोठे मामा आहेत.

मोठे मामा मुंबईच्या गोदीत चिपिंग-पेंटिंगला होते. जहाज गोदीला लागलं की त्याच्या अंगावरचा गंज हातोडीने ठोकून काढायचा, तांब्याच्या रंगाचं लोखंड उघडं पडलं की त्यावर रेडलेडचा, म्हणजे गंज धरू न देणाऱ्या तांबड्या रंगाचा, हात मारायचा, आणि वर कंपनी सांगेल तो रंग. दोन दोरांना बांधलेली एक फळी वरून खाली सोडायची, तिच्यावर दोघांनी बसायचं, पाय अधांतरी. संध्याकाळी घरी आले की आधी रॉकेलच्या बोळ्याने हात, मग साबण, आणि तरी कानाच्या पाळीमागे गंजाची बारीक भुकटी राहायचीच; मामी उशीच्या अभ्र्यावर ती रोज सकाळी झटकायची. वर्षानुवर्षं लोखंडावर हातोडी ऐकून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यामुळे ते बोलायचे मोठ्याने आणि ऐकायचे आपल्याला हवं तेवढंच. चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत स्टूल करडं, कपाट करडं, पिठाचा डबा करडा, देव्हाऱ्याची मागची बाजूसुद्धा करडी. उरलासुरला जहाजी रंग. लहानपणी मला वाटायचं, करडा हा रंगच नाही, ती मामांच्या घरची हवा आहे.

त्यांच्या उतारवयात मी त्यांना एकदा एक फोटो दाखवला होता. पहिल्या महायुद्धातलं एक जहाज, गोदीत उभं. अंगभर काळेपांढरे पट्टे: काही तिरपे, काही मध्येच वळलेले, काही धुराड्यावर चढून पलीकडे उतरलेले. झेब्र्याच्या अंगावर कुणीतरी रागाने कात्री चालवावी आणि तुकडे वाटेल तसे परत चिकटवावेत, तसं. मला तो फोटो पाहताक्षणी आवडला होता. मामांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कडा कशा धरल्या असतील?" ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते म्हणतील काय सुंदर, किंवा काय वेडेपणा. पण त्यांना पडला तो कडेचा प्रश्न. जहाजाची बॉडी सपाट नसते, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, ती आत वळते, मागे फुगते. भिंतीवर सूत मारून सरळ रेघ येते. या फुगवट्यावर मारलेली रेघ खालून सरळ दिसेल आणि लांबून वाकडी. "लांब उभं राहून कोणीतरी ओरडत असणार," मामा म्हणाले, "हितनं वर घे, हितनं खाली घे. फळीवर बसलेल्याला काय जहाज दिसत नाय. त्याला दिसतं ते लोखंड."

मग मी त्यांना त्या रंगवण्याची गोष्ट सांगितली, जवळजवळ ओरडून, आणि निम्मी चाळ ऐकून गेली.

गोष्ट अशी की १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने ठरवलं, ब्रिटनकडे जाणारं कुठलंही जहाज दिसलं की विचारपूस न करता बुडवायचं. एप्रिलमध्ये एकाच महिन्यात दोस्तांची आणि तटस्थ देशांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं तळाला गेली. बेटावरच्या देशाचं धान्यच तिथून यायचं. तेव्हा एकच विचार सगळ्यांच्या डोक्यात, जहाज लपवायचं कसं. त्यासाठी आरशापासून निळ्या-करड्या छटांपर्यंत नाना कल्पना सुचवल्या गेल्या. पण समुद्र काही एका रंगाचा बसून राहत नाही. सकाळी शिशाचा, दुपारी काचेचा, ढग आला की भांडं घासलेल्या पाण्याचा. शिवाय पाणबुडी बघते ती पाण्याच्या पातळीवरून, म्हणजे जहाज तिला कायम आभाळाच्या पुढे दिसतं, आणि उजेडाच्या पुढे उभं राहिलेलं काहीही काळंच दिसतं. त्यात वर कोळशाच्या धुराचा शेपटा. क्षितिजापलीकडूनही सांगतोय, मी इथे आहे.

नॉर्मन विल्किन्सन नावाचा चित्रकार तेव्हा आरमाराच्या राखीव दलात होता. वय अडतीस. समुद्राची चित्रं काढणारा, रेल्वेची पोस्टरं करणारा. त्याचं 'प्लिमथ बंदर' हे चित्र टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या स्मोकिंग रूममध्ये टांगलेलं होतं आणि १९१२ साली जहाजाबरोबरच तळाला गेलं. म्हणजे बुडणं म्हणजे काय ते त्याच्या चित्राला आधीच ठाऊक होतं. तर हा गृहस्थ सुट्टीत मासे धरून डेव्हनपोर्टच्या तळाकडे परतत होता. आगगाडीचा डबा थंडगार. त्या गारठ्यात त्याच्या मनात आलं की जहाज लपत नसेल तर राहू दे. ते दिसू दे, चांगलं ढळढळीत दिसू दे. फक्त ते कुणीकडे चाललंय एवढं बघणाऱ्याला कळता कामा नये.

मामांनी इथे मला थांबवलं. "त्याने काय होणार?"

याचं उत्तर लगोरीत आहे. पळत्या गड्याला चेंडू मारायचा तर तो आत्ता आहे तिथे मारून चालत नाही; तो पोचेल तिथे मारावा लागतो. पाणबुडी पाण्याखालून सोडते त्या टॉर्पेडोचंही तेच. त्या काळचा टॉर्पेडो ३५ नॉटच्या आसपास धावायचा, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. जहाज एक किलोमीटरवर असेल तर त्याला पोचायला ५५ सेकंद. तेवढ्यात १० नॉटने चाललेलं जहाज २८० मीटर पुढे गेलेलं असतं, स्वतःच्या लांबीच्या दुप्पट-अडीचपट. त्यामुळे कप्तानाला तीन गोष्टी हव्यात: अंतर, वेग आणि दिशा. आणि हे मोजायला वेळ किती, तर पेरिस्कोप वर काढून परत खाली घेईपर्यंतचा. जास्त वेळ वर ठेवला तर पाण्यावर फेसाची रेघ उठते आणि जहाजावरचा तोफवाला टिपतो. तेवढ्या ओझरत्या नजरेत जहाजाच्या तोंडाचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी टॉर्पेडो पुढून नाहीतर मागून निघून जातो.

म्हणजे जे माझं लाँचवर झालं, तेच त्या कप्तानाचं व्हावं म्हणून हा सगळा खटाटोप. याला इंग्रजांनी नाव दिलं 'डॅझल'. आपल्याकडे डोळे दिपणं आहे, पण ते उजेडाने. हे दिपणं नव्हे, हे चकवणं. रानातला चकवा लागतो तसं, वाट दिसत असूनही वाट चुकायची.

मे १९१७ मध्ये 'इंडस्ट्री' नावाचं एक सामानवाहू जहाज आधी रंगवून पाहिलं. मग लंडनला पिकॅडिलीवरच्या रॉयल अकॅडमी ऑफ आर्ट्सच्या चार खोल्यांत या कामाचं दुकान मांडलं गेलं. चित्रकला शिकवायच्या जागेत युद्ध. विल्किन्सनच्या हाताखाली थोडे चित्रकार, थोडे मॉडेल करणारे आणि बाकी कलाशाळांतल्या मुली. त्या मुलींचे फोटो आहेत. अंगात ॲप्रन, केस वर बांधलेले, एका हातात हातभर लांबीचं लाकडी जहाज, दुसऱ्या हातात बारीक कुंचला, अगदी मातीच्या बैलांना पोळ्यासाठी रंग देतात तशा बसलेल्या. मॉडेल रंगवून झालं की ते फिरत्या टेबलावर ठेवायचं, मागे आभाळाचा पडदा, आणि समोर पेरिस्कोप. टेबल हळूहळू फिरवायचं आणि बघणाऱ्याने सांगायचं, तोंड कुणीकडे. सांगता आलं नाही की नक्षी पास. एकदा राजे पंचम जॉर्ज बघायला आले. राजे तरुणपणी आरमारात वाढलेले, नजर तयार. त्यांचाही अंदाज साफ हुकला. राजाला चुकवून दाखवण्यात त्या मुलींना काय गंमत आली असेल! त्यातल्याच एकीशी, एव्हलिन मॅकेन्झीशी, विल्किन्सनने पुढच्या वर्षी लग्न केलं. तिने त्याचं तोंड कुणीकडे हे बरोबर ओळखलं असावं.

नक्षीमागे हिशेब होता. नाळेजवळ तिरपे पट्टे ओढले की ती वळल्यासारखी दिसते. पुढे पाण्याची खोटी लाट रंगवली की वेग फसतो. धुराड्यावरची रेघ कठड्यावरच्या रेघेशी मुद्दाम जुळू द्यायची नाही, किंवा नको तिथे जुळवायची, म्हणजे कुठला भाग पुढचा, कुठला मागचा ते उलगडत नाही. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. आणि दोन जहाजांना एकच नक्षी शक्यतो नाही, नाहीतर शत्रू पाठ करणार. काळा, पांढरा, निळा, हिरवा, करडा. आपण फोटोंत पाहतो ती सगळी जहाजं काळीपांढरी आहेत, कारण फोटोच काळेपांढरे. रंग उरलेत ते त्या लाकडी मॉडेलांवर. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये त्यांतली बरीच आहेत.

युद्ध संपेपर्यंत ब्रिटनची ४,००० वर व्यापारी जहाजं आणि आरमाराची ४०० च्या आसपास अशी रंगून निघाली. टायटॅनिकची थोरली बहीण ऑलिंपिकसुद्धा. एडवर्ड वॉड्सवर्थ हा नव्या वळणाचा चित्रकार बंदरात देखरेखीला होता, ब्रिस्टलला आणि मग लिव्हरपूलला. दोन हजारांवर जहाजं त्याच्या नजरेखालून गेली म्हणतात. १९१९ मध्ये त्याने लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या अशा जहाजाचं एक मोठं चित्र केलं, ते आता कॅनडात ओटावाला आहे. त्या चित्रात जहाजाच्या अवाढव्य पट्ट्यांखाली खाली चार-पाच माणसं आहेत. रंगारी. काठ्यांना लांब ब्रश बांधून उभे. पहिल्यांदा मला तीही नक्षीचाच भाग वाटली होती.

मामांना मी हे चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी त्या माणसांवर बोट ठेवलं.

माझं लक्ष तेव्हापासून चित्रकारांवरून उडालं ते उडालंच. लंडनहून कागदावर रंगवलेला आराखडा येणार, बंदरातला अधिकारी खडूने जहाजावर रेघा मारणार, आणि मग फळीवरच्या माणसाने त्या रेघांत रंग भरायचा. त्याच्या डोळ्यांपुढे दोन हात काळं, दोन हात पांढरं. हे काय चाललंय त्याला कधी कळत असेल? जगातली केवढी मोठी चित्रं ती, चारशे-पाचशे फूट लांब, आणि काढणाऱ्याला ती दिसत नाहीत. आत बसलेल्यालाही दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून काढली आहेत ती एकाच माणसासाठी. तो मैलभर लांब पाण्याखाली आहे, एका डोळ्याने बघतोय, आणि त्याने ती नीट पाहू नयेत अशी सगळ्यांची इच्छा आहे. असा रसिक कुठल्या चित्रकाराच्या वाट्याला आला असेल?

"आणि एका फेरीत वाट लागणार," मामा म्हणाले. "खाऱ्या पाण्याने गंजाचे ओघळ येतात. पंधरा दिवसांत गंजाने आपली नक्षी वर काढली असणार. परत चिपिंग. परत रंग." या विचाराने ते खूश झालेले दिसले. रोजगार चालू राहणार होता.

श्रेयाची भांडणं झालीच. ग्लासगोचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉन ग्रॅहम कर यांनी १९१४ सालीच चर्चिलना पत्र लिहून सांगितलं होतं की झेब्रा-जिराफाच्या अंगावर जसा आकार मोडणारा ठिपका-पट्टा असतो तसं जहाज रंगवा. आरमाराने ते थोडं ऐकलं, मग सोडून दिलं. युद्धानंतर कर आणि विल्किन्सन यांच्यात वाद जुंपला आणि १९२२ मध्ये सरकारी समितीने विल्किन्सनच्या पदरात २,००० पौंड टाकले. कर यांना जहाज लपवायचं होतं, विल्किन्सनला फसवायचं होतं, असा फरक सांगतात. मला त्या वादात फारसा रस नाही. पैसे रंगाऱ्यांना मिळाले नाहीत एवढं खरं.

रस आहे तो जहाजाच्या पोटातल्या माणसांत. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ५०,००० च्या वर हिंदी खलाशी होते. मुंबईहून भरती व्हायची ती जणू ठरलेल्या वाफ्यांतून: डेकवर बरेचदा रत्नागिरीकडचे, बॉयलरपाशी पंजाबचे आणि सरहद्दीचे, जेवणघरात गोव्याचे. गोव्याच्या माणसांच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे मुक्कामाच्या सामायिक खोल्या, धोबीतलावला होत्याच, फेरी संपली की तिथे ट्रंक टाकायची. सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली टिंडल, टिंडलाच्या हाताखाली बाकीचे. हे लोक ज्या जहाजांवर होते, त्यांतलीच ती पट्ट्यापट्ट्यांची. कल्पना करते, दाभोळ-हर्णैकडचा एखादा गडी लिव्हरपूलला जहाजावर चढायला धक्क्यावर येतो आणि बघतो तर जहाजाला कुणीतरी वेड्याचा अंगरखा शिवलाय. हसला असेल? की देवाचं नाव घेतलं असेल? घरी पत्र लिहवून घेताना त्याने हे कसं सांगितलं असेल, आणि लिहिणाऱ्याला ते खरं वाटलं असेल का? आणि बॉयलरपाशी फावडं मारणारा, त्याला तर वरचा रंगही दिसत नाही आणि समुद्रही. त्याच्या आणि टॉर्पेडोच्या मध्ये बोटभर पत्रा, आणि त्या पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला एक चित्र.

त्या युद्धात साडेतीन हजारांच्या घरात हिंदी खलाशी गेले. त्यांतल्या ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिकांचं स्मारक मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मामा त्या रस्त्याने वर्षानुवर्षं कामावर गेले. मी विचारलं, कधी आत गेला होतात का? "सेलर्स होम ना? माहित्ये की. आत कशाला जाऊ, मी काय सेलर आहे?"

या सगळ्या पट्ट्यांचा उपयोग झाला का, हा प्रश्न मामांनी शेवटी विचारलाच, आणि मला खाली बघावं लागलं. कारण त्याच सुमाराला जहाजं एकेकटी न सोडता तांड्याने, बरोबर लढाऊ नौका देऊन न्यायला सुरुवात झाली होती. बुडणं कमी झालं ते कशामुळे, हे कोण वेगळं काढणार? १९१८ मध्ये खुद्द आरमाराच्या समितीने आकडे चाळून सांगितलं की डॅझलमुळे जहाजं वाचली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण तोटाही दिसत नाही, आणि खलाशांना धीर येतो. तेव्हा चालू ठेवा. म्हणजे ज्या नक्षीचा प्रेक्षक शत्रू, तिचा गुण आला तो आपल्याच माणसांना. अंगारा लावल्यासारखं. मला हे ऐकून आधी हसू आलं होतं. मग वाटलं, उत्तर समुद्रात रात्रपाळीला उभ्या माणसाला कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलंय, एवढं वाटणं हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे का? आणि मग लगेच उलटंही वाटतं, की त्या धिराच्या बळावर त्याला पुढच्या फेरीला चढवलाही असेलच की. या दोन्हींतलं एक काही मला निवडता येत नाही.

युद्ध संपल्यावर मार्च १९१९ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये चेल्सी आर्ट्स क्लबने डॅझलचा नाच भरवला. बायका-पुरुष काळेपांढरे पट्टे चढवून, वरून फुगे. फोटो मजेदार आहेत. मला ते बघवत नाहीत, म्हणजे बघते, पण मग त्या बॉयलरपाशीच जाऊन पोचते. पुढच्या महायुद्धातली एक गोष्ट मात्र निर्मळ मनाने हसण्यासारखी आहे. १९४० मध्ये एका आरमारी अधिकाऱ्याने आपल्या विनाशिका चक्क फिक्या जांभळट गुलाबी रंगात रंगवून घेतल्या, संधिप्रकाशात दिसेनाशा होतात म्हणून. हे अधिकारी म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन. सात वर्षांनी तेच आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आले. त्यांचा तो गुलाबी किस्सा सांगितल्यावर मामा जे हसले, ते खोकला लागेपर्यंत.

मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे नवी भर त्यांना सांगता आली नाही. १९१९ साली अमेरिकेत एमआयटीमधल्या लिओ ब्लॉजेट नावाच्या विद्यार्थ्याने लाकडी जहाजं रंगवून पेरिस्कोपमधून लोकांना दाखवली होती आणि त्यांचे अंदाज किती चुकतात ते नोंदलं होतं. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ते जुने आकडे परत तपासले आणि २०२५ मध्ये छापले. त्यांचं म्हणणं, नक्षीने नजर चुकते, पण थोडी. खरी चूक दुसरीच आहे आणि ती नक्षी नसतानाही होते. लांबवरचं जहाज क्षितिजाशी पंचवीसेक अंशांपर्यंत तिरपं चाललं असलं तरी माणसाला ते क्षितिजाला धरूनच चाललंय असं वाटतं. क्षितिज जहाजाला आपल्या रेघेत ओढून घेतं. असल्या चकव्यांची माहिती असलेली माणसंही यात फसतात.

वाचलं तेव्हा मला थोडा आधार वाटला, खोटं का सांगू. खलाश्यापुढे गेलेली अब्रू काही परत येत नाही, पण निदान राजे पंचम जॉर्ज आपल्या पंगतीला आहेत. फक्त एक मनात आलं. चार हजार जहाजं रंगवली, हजारो फळ्या सोडल्या, मुलींनी डोळे फोडून मॉडेलं रंगवली, आणि निम्म्याहून जास्त काम क्षितिज तसंही फुकटात करत होतं. मामांना हे सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. रंग द्यायला लागतोच. नाहीतर गंजतं.

बारशाहून परतताना चारची लाँच मिळाली. बाळाचं नाव ठेवून झालं होतं, भाचीच्या मुठीत घुगऱ्यांची पुडी होती. ओहोटी लागली होती. रेवसच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाची ओली हिरवी रेघ उघडी पडलेली. उन्हं तिरपी होऊन पाणी पत्र्यासारखं चमकत होतं आणि सकाळचाच तो खलाशी, आता दोरावर डोकं टेकून पेंगत होता. मी मुद्दाम उरणच्या बाजूला बघत नव्हते.

"मावशी," भाचीने कोपराने ढोसलं. "ते बघ."

तेच जहाज. वर काळं, खाली गंजट तांबडं, त्याच जागी. पण सकाळी समुद्राकडे असलेलं तोंड आता नेमकं उलटं, मुंबईकडे. पाणी फिरलं तसं नांगराच्या साखळीवर तेही फिरलं होतं. हे तिला समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने दोन घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि म्हणाली,

"दुबईहून परत आलं वाटतं."